काठी मागून येत आहे

१

'काठी' हा शब्द इथे आधाराच्या किंवा माराच्या अर्थाने घ्यायचा नाही. अरुंद रुळांच्या एकेरी मार्गावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांना एकमेकींना वाट देता येत नाही. म्हणून मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक काठी केलेली असते. हातभर लांब, ओकच्या लाकडाची, दोन्ही टोकांना पितळी कडी, अंगावर टप्प्याचे नाव कोरलेले. एका टप्प्याला एकच. ती ज्याच्या हातात असेल त्यानेच त्या टप्प्यात गाडी न्यायची.

काठी म्हणजे परवानगी, असे बहुतेकांना वाटते. ते अचूक नाही. परवानगी माणूस देतो, आणि माणूस चुकतो. काठी काही देत नाही, ती साक्ष भरते: ज्या अर्थी मी तुझ्या हातात आहे, त्या अर्थी आत दुसरे कोणी नाही. काठी हा रिकामेपणाचा पुरावा आहे.

एकाच दिशेने लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या असतील, तर पहिल्या चालकाला काठी दाखवायची, तिला हात लावू द्यायचा आणि एक छापील चिठ्ठी द्यायची. चिठ्ठ्यांची लोखंडी पेटी काठीच्या टोकाला बसवलेल्या किल्लीनेच उघडते. चिठ्ठीवर गाडीचे नाव आणि वेळ लिहायला जागा असते, आणि खाली एक वाक्य छापलेले असते: 'काठी मागून येत आहे.' ती गाडी पलीकडे पोहोचली, चिठ्ठी तिथे जमा झाली आणि तसा फोन आला, की मगच दुसरी गाडी काठी घेऊन निघते.

वेल्सच्या डोंगरांतल्या कुम एरिदच्या छोट्या आगगाडीवर हा नियम तेगवेन प्रॉसरइतका काटेकोरपणे कोणी पाळला नाही. आणि तो मोडला गेला तोही तिच्याच हातून.

२

गाडी पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली. खाण बंद पडली, गाडी गंजली, आणि बेचाळीस वर्षांपूर्वी इदवल ब्रीस नावाच्या खाणकामगाराने चार मित्रांना घेऊन रुळांवरची काटेरी झुडपे तोडायला सुरुवात केली. आता मंडळाचे दोनशे सभासद होते आणि पगार एकालाही नव्हता. इंजिन चालवणारा नळ कामगार, तिकिटे देणारी परिचारिका, अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. सुट्टीच्या दिवशी हे लोक तेलकट डगले चढवत आणि खालच्या पेन्ट्रेपासून मधल्या हेंद्रेपर्यंत व हेंद्रेपासून वरच्या ख्वारेलपर्यंत प्रवाशांना फिरवून आणत.

हेंद्रेची खोली तेगवेनची. छत्तीस वर्षे शाळेत लॅटिन शिकवून ती इथे आली होती. खोलीत एक शेगडी, एक घड्याळ, एक फोन, काठीचा खुंटा, चिठ्ठ्यांची पेटी आणि गाड्यांची नोंदवही. नोंदवहीत प्रत्येक गाडीपुढे दोन रकाने: 'सुटली' आणि 'पोहोचली'. यांतला एखादा कोरा राहिला की तिच्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखे होई.

इदवल गेला तेव्हा संचालक मंडळाची बैठक भरली. अध्यक्ष आर्वेल यांनी ठराव मांडला: दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, पहिल्या गाडीआधी, इदवलच्या नावाने एक चिठ्ठी लिहावी आणि ती इंजिनाच्या भट्टीत अर्पण करावी. नऊ संचालक होते. मांडणारा सोडून आठही जणांनी अनुमोदन दिले. कार्यवृत्तात तशी नोंद आहे. तेगवेनने ते स्वतः लिहिले होते, आणि लिहिताना तिचे डोळे भरून आले होते.

चिठ्ठी मात्र खरी असे. खऱ्या काठीने खरी पेटी उघडून, खऱ्या क्रमांकाची चिठ्ठी ती भरी: 'इदवल ब्रीसची गाडी, हेंद्रे ते ख्वारेल.' सगळे टोप्या काढत. तिचा धाकटा भाऊ गेथिन 'सेरेन' इंजिनाच्या भट्टीचे दार उघडी, आणि कागद क्षणात काळा पडे. मग तोच पहिली गाडी घेऊन, काठी हातात धरून, वर जाई.

नोंदवहीत 'सुटली' या रकान्यात तिने पहिल्या वर्षी वेळ लिहिली. 'पोहोचली' कोरा राहिला. दिवसभर तो तिला बोचत होता. शेवटी तिने अंदाजाने एक वेळ घातली. पुढल्या वर्षीही. अशी सात वर्षे.

३

त्या ऑक्टोबरचा पहिला शनिवार तीन दिवसांवर होता. बुधवारी गर्दी म्हणून लागोपाठ दोन गाड्या वर गेल्या; पहिलीला चिठ्ठी, दुसरीला काठी. संध्याकाळी ख्वारेलहून कातडी पिशवी खाली आली. तीत एक वापरलेली चिठ्ठी असायला हवी होती. दोन होत्या.

दुसरी ओली होती. तेगवेनने ती शेगडीजवळ धरली आणि अक्षर वाचले. अक्षर तिचेच. 'इदवल ब्रीसची गाडी.' खाली सात वर्षांपूर्वीची तारीख. आडवी रेघ मारून चिठ्ठी रद्द केली होती आणि शेजारी पोहोचल्याची वेळ होती: आज, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

तिने ख्वारेलला फोन केला. तिथे मायरिग असे, पंचवीस वर्षे टपाल वाटून निवृत्त झालेला.

"मायरिग, दोन दहाला कोणती गाडी घेतलीस?"

"गेथिनची. का गं?"

"गेथिनची दोन पंचवीसला आली. वहीत लिहायला तूच सांगितलंयस."

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. "हो की. मग दोन दहाला... थांब. चिठ्ठी तर मी घेतली. मी रुळांच्या सांध्याकडे बघत होतो, बाजूने हात आला, मी घेतली, रेघ मारली. पंचवीस वर्षं लोकांच्या दारात हात पुढे करतोय बाई, कोणाचा हात ते बघत बसलो असतो तर टपाल कधी वाटून झालं असतं?"

"हात कोणाचा होता?"

"म्हटलं ना, बघितला नाही." मग हळू आवाजात: "गार होता. नदीत बुडवून काढल्यासारखा."

४

तेगवेनचे डोके शिस्तीचे होते. कागद जळताना तिने पाहिला होता, म्हणजे जळाला तो दुसरा कागद असणार. कोणीतरी हातचलाखी करून खरी चिठ्ठी राखून ठेवली असणार. भट्टीपाशी उभा असणारा माणूस एकच.

गुरुवारी सकाळी गेथिन इंजिनाला तेल घालत होता. तिने चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली.

"ही चेष्टा कोणाची?"

त्याने हात पुसले, चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "तेग, सात वर्षं एखादा कागद जपून ठेवायचा म्हणजे मला तो कुठं ठेवला ते आठवायला हवं. माझा चष्मा कुठंय ते तूच मला रोज सांगतेस."

"मग हे काय आहे?"

"तू जास्तीची लिहिली असशील."

"मी?"

"बरं, बरं. तू नाही." तो हसला, पण चिठ्ठी त्याने लगेच परत दिली, चिमटीत धरून, आणि हात पुन्हा डगल्याला पुसला.

पेटीतल्या स्थळप्रतींवरचे क्रमांक तिने तपासले. एकही जास्तीची नव्हती. शिवाय शाई जांभळी होती. ती बाटली चार वर्षांपूर्वी संपली होती.

दुपारी खोलीत ती एकटी होती. गाडी खाली पेन्ट्रेला गेलेली, वरचा टप्पा मोकळा, काठी खुंट्याला. तेव्हा रूळ वाजू लागले. दूरवर गाडी असताना रुळांतून जो बारीक किणकिणाट येतो, तोच. ऊन लोखंडावर पडले की ते वाजते, हे तिला ठाऊक होते. ती बाहेर आली. ऊन नव्हते. तिने वाकून बोट टेकवले. रूळ थरथरत होता, आणि ती थरथर दूर जात नव्हती की जवळ येत नव्हती. कोणीतरी फार सावकाश, जवळजवळ जागच्या जागी, चालत असल्यासारखी.

आत येऊन तिने काठीला हात लावला. काठी खुंट्यावर होती. याचाच अर्थ आत कोणी नव्हते. तिने हे वाक्य मनात दोनदा म्हटले.

संध्याकाळच्या पिशवीत दुसरी चिठ्ठी आली. दुसऱ्या वर्षाची.

५

शुक्रवारी सरकारी निरीक्षक लव्हरिंग आले. परवान्याचे नूतनीकरण त्यांच्या सहीवर होते, आणि शनिवारच्या गाडीने स्वतः प्रवास करून ते सही करणार होते. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. हेंद्रेच्या खोलीत त्यांनी चहा घेतला, मनुकांच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि नोंदवह्या मागितल्या. अध्यक्ष आर्वेल दारात उभे होते.

तासाभराने लव्हरिंग यांनी बोट ठेवले. "मिसेस प्रॉसर, इतकी नेटकी वही मी पाहिलेली नाही. म्हणूनच विचारतो. दर ऑक्टोबरात एक गाडी आहे, तिला इंजिन नाही. सुटली नऊ वीस, पोहोचली नऊ पन्नास. सात वेळा. ही कोणती गाडी?"

"सरावाची फेरी," आर्वेल पटकन म्हणाले. "नवीन लोकांना शिकवायला."

"इंजिनाशिवाय?"

"ढकलगाडी होती हो. हातानं ढकलायची."

लव्हरिंग यांनी आर्वेलकडे पाहिलेच नाही. "मी बाईंना विचारतोय."

खोटे सांगावे तर परवाना वाचत होता. खरे सांगावे तर वही खोटी ठरत होती, आणि जिथे वही खोटी तिथे गाडी चालत नाही. हे तीच नवख्यांना शिकवत असे. बेचाळीस वर्षांची झुडपे, दोनशे माणसांच्या सुट्ट्या, गेथिनचे आयुष्य, तिची ही खोली: सगळे त्या एका बोटाखाली होते.

"उद्या सांगितलं तर चालेल?" ती म्हणाली.

"चालेल. पण एवढंच सांगा: गाडी होती की नव्हती. नव्हती, तर वही खोटी. होती, तर ती पोहोचल्याचा पुरावा दाखवा. मला तिसरं उत्तर नको."

ते गेल्यावर आर्वेलनी दार लावून घेतले. "ढकलगाडी म्हण, तेग. एक शब्द आहे. चाळीस वर्षं मी लोकांना दुखणार नाही असं सांगून दात उपटलेत, माझं काय वाकडं झालं?"

"ठराव तू मांडलास, आर्वेल."

"आणि अनुमोदन तू दिलंस. म्हणून तर म्हणतो, ढकलगाडी म्हण."

तिसरी चिठ्ठी संध्याकाळी आली. तेगवेनने तिन्ही ओळीने मांडल्या. पुरावा. एकेक करून पुरावा तिच्याकडे चालत येत होता. तिच्या मनात आले, की सातही आल्या तर लव्हरिंगना दाखवता येतील. आणि हा विचार आपल्याला दिलासा देतो आहे हे लक्षात आल्यावर तिने तिन्ही चिठ्ठ्या पालथ्या घातल्या.

६

शनिवारी डोंगर दिसत नव्हता. धुके फलाटाच्या टोकापर्यंत येऊन थांबले होते आणि सिग्नलचा खांब त्यात अर्धा बुडाला होता. साडेदहाला 'सेरेन' पेन्ट्रेहून वर आली. डब्यांत नव्वद प्रवासी, पहिल्या डब्यात लव्हरिंग. इदवलची चिठ्ठी या वर्षी लिहायची नाही, असे तेगवेनने सकाळीच सांगून टाकले होते, आणि कोणी कारण विचारले नव्हते.

तिने ख्वारेलला फोन लावला.

"मायरिग, टप्पा मोकळा आहे का?"

पलीकडून फक्त श्वास ऐकू आला.

"मायरिग."

"तीन आल्यात," तो म्हणाला. "आत्ता. मी दारात उभा होतो. गाडी नाही, आवाज नाही. धुक्यातनं हात आला, मी घेतली. पुन्हा आला, पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा मी हात मागं घेणार होतो, तेग, खरंच घेणार होतो. पण सवय. हात आपोआप पुढं जातो."

"क्रमांक सांग."

त्याने सांगितले. चौथे वर्ष, पाचवे, सहावे.

"म्हणजे एक राहिली," ती म्हणाली.

"कसली एक? तेग, मी खाली येऊ का? मला इथं नाही थांबायचं."

"टप्प्यातून येऊ नकोस," ती ओरडली. तिचा असा आवाज मायरिगने कधी ऐकला नव्हता. "जागचा हलू नकोस. फोनजवळ थांब."

७

गेथिन खिडकीशी आला आणि सवयीने तळहात पुढे केला. "काठी."

"नाही."

"तेग, वाफ तयार आहे. माणसं बसलीत."

"टप्पा मोकळा नाही."

"काठी खुंट्याला आहे ना? मग मोकळा आहे. हे मला कोणी शिकवलं?"

"गेल्या वर्षीची गाडी अजून आत आहे."

त्याने तिच्याकडे पाहिले. लहानपणी वडील गेल्याचे तिने सांगितले होते तेव्हा तिचा चेहरा असाच होता.

आर्वेल धावत आले. "काय चाललंय? तो बघतोय खिडकीतून! तेग, अगं, तू आपल्या हातानं गाडी बंद पाडतेयस."

"मीच चालू केली होती," ती म्हणाली. "सात वेळा."

लव्हरिंग उतरून शांतपणे चालत आले. तेगवेनने नोंदवही उचलली, त्यांच्यापुढे उघडून धरली आणि वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीसारखी सरळ उभी राहिली.

"आपण तिसरं उत्तर नको म्हणालात. माझ्याकडे तेच आहे. मी सात गाड्या सोडल्या आणि न पोहोचता पोहोचल्या म्हणून लिहिलं. सहा या आठवड्यात पोहोचल्या. सातवी आत आहे."

आर्वेलनी डोळे मिटून घेतले. लव्हरिंग काही बोलणार होते, तेवढ्यात रूळ वाजू लागले. या वेळी सगळ्यांना ऐकू आले. डब्यांतल्या मुलांचा गलबला थांबला. किणकिणाट फलाटाच्या टोकाकडून येत होता, अगदी जवळून.

धुक्यात एक लाल दिवा होता. शेवटच्या डब्याला लावतात तसा. शंभर पावले, फार तर. त्याच्या पुढे डबा असेल तर तो दिसत नव्हता. दिव्याच्या बाजूला कोपरापर्यंत एक हात होता, मागे पसरलेला, तळवा वर. चालत्या गाडीतून काहीतरी घेण्यासाठी काढावा तसा. उजवा हात. वर्षभरात ती गाडी शंभर पावले गेली होती, आणि हात तसाच होता.

इदवलच्या उजव्या हाताची दोन बोटे खाणीत गेली होती. तीन बोटांनी तो चहाचा पेला कसा धरी हे हेंद्रेत सर्वांना ठाऊक होते. तेगवेनने बोटे मोजली. पाच होती.

"काय मागतोय तो?" गेथिन कुजबुजला.

तेगवेनला कळले होते. चिठ्ठीवर छापलेलेच होते: 'काठी मागून येत आहे.' सहा जणांनी वाट पाहिली आणि अखेर काठीवाचून पुढे गेले. सातवा अजून शब्दावर थांबला होता.

"तो पोहोचेपर्यंत मला सही करता येणार नाही," लव्हरिंग म्हणाले. त्यांचा आवाज कागदासारखा झाला होता, आणि आपण काय बोललो हे त्यांना तरी कळले होते की नाही, कोण जाणे.

ती आत गेली. खुंट्यावरून काठी काढली. नोंदवहीत नवी ओळ सुरू केली: 'तेगवेन प्रॉसर. पायी. काठीसह.' घड्याळ पाहून 'सुटली' या रकान्यात लिहिले: दहा बावन्न. पुढच्या रकान्यावर तिची लेखणी क्षणभर थांबली. मग तिने टोपण लावले.

"तेग," गेथिन म्हणाला. "तेग, थांब. मी देतो नेऊन."

"तू इंजिन सोडून जाणार? नव्वद माणसं बसलीत." तिने त्याच्या डगल्याचे वरचे बटण लावले, ते नेहमी उघडे असे. "चष्मा तुझ्या डाव्या खिशात आहे."

ती फलाटाच्या उतारावरून खाली उतरली आणि रुळांमधून चालू लागली, काठी पुढे धरून. गेथिन तिच्यामागे धावला. फलाटाच्या टोकाला, जिथे टप्पा सुरू होतो तिथे, त्याचा पाय अडला. कोणी धरले नव्हते. एकेचाळीस वर्षे त्या रेघेपलीकडे तो काठीवाचून किंवा चिठ्ठीवाचून कधी गेला नव्हता, आणि काठी आत गेली होती. तो तिथे उभा राहून ओरडत राहिला. पाय उचलला जाईना.

धुके तिच्या गुडघ्यांपर्यंत आले, मग खांद्यांपर्यंत. लाल दिवा हलला. हाताची बोटे मिटली. नेमकी कशावर, ते कोणालाच दिसले नाही.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला. आर्वेलनी उचलला.

"सातवी आली," मायरिग रडत म्हणाला. "टप्पा मोकळा झाला ना आता? तेगला सांग. तेग कुठंय?"

८

पेन्ट्रेच्या पबमध्ये ही हकिकत आता उन्हाळी पाहुण्यांना सांगतात, आणि ती चुकीची सांगतात.

सांगतात की वर मार्गावर दरड कोसळली होती आणि नव्वद जीव वाचवायला इदवल स्वतः आला. दरड कोसळली नव्हती. चार दिवस पोलीस कुत्री घेऊन दोन मैलांचा तो टप्पा पालथा घालत होते. रूळ स्वच्छ होते, एक दगडही पडलेला नव्हता. काठी मिळाली नाही. आणि इदवल आला नव्हता. हात पाच बोटांचा होता.

सांगतात की सरकारने गाडी बंद केली. तेही खरे नाही. लव्हरिंग यांनी महिनाभराने सही केली. फक्त एक अट घातली, की टप्पा मोकळा असल्याची खात्री मंडळाने करावी. पुढच्या बैठकीत आर्वेलनी ठराव मांडला: हेंद्रे ते ख्वारेल टप्प्यासाठी नवी काठी करून घ्यावी. आठही संचालक हजर होते. अनुमोदनासाठी कोणाचा हात वर गेला नाही. आर्वेलनी पुन्हा वाचून दाखवला. मग त्यांनी कागदाची घडी केली. एका टप्प्याला काठी एकच, आणि ती आत आहे, हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगावे लागणार नव्हते.

गेथिन रोज सकाळी हेंद्रेची खोली उघडतो, शेगडी पेटवतो, ख्वारेलला फोन लावतो. मायरिग दारात हात पुढे करून उभा राहतो. हल्ली मुद्दाम, आणि डोळे उघडे ठेवून. "नाही रे," तो सांगतो. गेथिन नोंदवही उघडतो, ती ओळ पाहतो आणि मिटतो. तो रकाना कोरा आहे. तो भरायचा मोह अनेकांना झाला. गेथिनने कोणाला लेखणी लावू दिली नाही.

आणि सर्वांत मोठी चूक शेवटच्या वाक्यात होते. तेगवेन प्रॉसर गेली, असे म्हणून सांगणारा पेला खाली ठेवतो. ती गेली नाही. ती अजून पोहोचलेली नाही.